पलटणीची बातमी कुणी फोडली

कर्नलसाहेबांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि बोट नेमकं दुसऱ्या परिच्छेदावर टेकवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"व्हय. म्हणजे, हो."

"यात पलटण कुठं जाणार ते आहे. कोणत्या महिन्यात ते आहे. हे तुम्हाला मेजर ज्ञानेश्वर यांनी सांगितलं का?"

मी खुर्चीत सरळ बसलो. वसमतला एका हळदीच्या आडतीच्या माडीवर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खालून येणारी हळदीची धूळ. कर्नलसाहेब साध्या कपड्यात होते, तरी शर्टाची इस्त्री सांगत होती की माणूस फौजेतला आहे. सोबत आलेला पोलिसांच्या गोपनीय शाखेचा माणूस दारातच उभा राहून शिंकत होता.

"साहेब," मी म्हणालो, "आम्ही सोर्स सांगत नसतो."

"सोर्स कोण ते मी विचारत नाही. मेजर होते की नव्हते, एवढंच विचारतोय. हो किंवा नाही."

"त्यावर मला काही बोलायचं नाही."

 साहेबांनी कात्रण घडी करून फायलीत ठेवलं. "तुम्हाला बोलायची सक्ती मी करू शकत नाही. पण तुम्ही गप्प बसलात तर त्याचा अर्थ काय लागतो, हे तुम्हाला कळतं ना?"

कळत होतं. चांगलं कळत होतं. आणि खरं सांगतो, आतून मला गारगार वाटत होतं.

आधी धंद्यातले शब्द सांगतो. सोर्स म्हणजे आम्हाला बातमी देणारा माणूस. एखादा कारकून साहेबाचा घोटाळा आम्हाला सांगतो. उद्या त्याचं नाव फुटलं तर त्याची नोकरी जाते. म्हणून त्याचं नाव सांगायचं नाही, हा आमच्यातला मोठा नियम. नियम कशासाठी? तर बिचाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी. मी त्या दिवशी तो नियम वापरला एका बिनकसुरी माणसाला बुडवण्यासाठी. कारण ज्ञानूनं, म्हणजे मेजर ज्ञानेश्वरनं, मला काहीही सांगितलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं आणि माझं नुसतं एक "नाही" त्याला सोडवायला बास होतं.

मग काहून गप्प बसलो? जळत होतो म्हणून. दुसरं कारण नाही. लोक वळण घेऊन घेऊन सांगतात, मी सरळ सांगतो.

ज्ञानू आणि मी एकाच गावचे. सिद्धेश्वर धरणाच्या कडेला आमचं गाव. त्याच्या घरी मेंढरं, आमच्या घरी चार एकर. शाळेत मी पहिला, तो दुसरा. दहावीपर्यंत एकदाही हा क्रम बदलला नाही, हे नमूद करून ठेवतो. त्याला निबंध मी लिहून द्यायचो. पुढं दोघांनीही फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा दिली, दोघंही पास झालो. मग मुलाखतीला भोपाळला गेलो. ही मुलाखत पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि जे चाळणीतून खाली पडतात त्यांना संध्याकाळी स्टेशनवर आणून सोडतात. मला आणून सोडलं. ज्ञानू पाच दिवस राहिला आणि निवड होऊनच परत आला.

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. तो लेफ्टनंट झाला, कॅप्टन झाला, मेजर झाला. मी वार्ताहर झालो. पेपर मोठा, पण मी लहान. तालुक्याला बसून हळदीचे भाव, एसटीचे अपघात आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस लिहिणारा. तो सुट्टीवर आला की स्टँडसमोर त्याचा फ्लेक्स लागायचा, काळा चष्मा घातलेला. फ्लेक्सवरचा मजकूर लिहून द्यायला पोरं कुणाकडं यायची? माझ्याकडं. "दत्ताभाऊ, तुमची भाषा चांगली हाय." लिहून द्यायचो आणि घरी जाऊन बायकोवर डाफरायचो. माझी आई तर त्याचं नाव घेतल्याबिगर जेवायची नाही. "ज्ञानूनं आईला इमानात बसवलं." बसवलं असेल, मी काय करू?

आता ती बातमी मला कशी मिळाली ते ऐका.

गावात सप्ताह होता. सात दिवस रोज एका घरची पंगत असते, आणि वाढायच्या आधी आमचे भानुदास मास्तर माईकवर सांगतात की आजची पंगत कुणाची आणि कशाबद्दल. कुणाला नातू झाला, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. हा कर्णा धरणाच्या पलीकडच्या गावाला ऐकू जातो. पाचव्या दिवशी, बुधवारी, पंगत होती कोंडाबाईंची. म्हणजे ज्ञानूच्या आईची. मी गावी गेलेलो, पंगतीला बसलेलो. मास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आजची पंगत मेजर ज्ञानेश्वरसाहेब यांच्या मातोश्रींकडून. साहेबांची पलटण पुढच्या महिन्यात..." आणि सगळं सांगितलं. ठिकाणासकट. तिथं बर्फ किती पडतो तेही. "लेकरू सुखरूप परत यावं म्हणून ही पंगत. बोला, पुंडलिक वरदे..."

पाचशे माणसं पानावर बसलेली. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारीला तरी कुठून कळलं? सुनेकडून. पलटण हलायची असली की सरकारी कागद निघायच्या आधी बायकांना कळतं. क्वार्टर सोडायचं, लेकरांची शाळा बदलायची, ट्रंका भरायच्या. सुनेनं फोनवर सासूला सांगितलं की आम्ही माहेरी चाललोय, हे अमक्या ठिकाणी चाललेत. सासूनं देवाला सांगितलं. आणि देवाला सांगायचं तर आमच्याकडं ते माईकवरूनच सांगावं लागतं.

आदल्या दिवशी माझ्या आईची पंगत होती. मास्तर नुसतं "गंगाबाईंकडून" म्हणाले आणि वाढायला सुरुवात झाली. मी तिथंच बसलेलो असून माझं नाव घेतलं नाही. बुधवारी मात्र लोक मागं वळून वळून कोंडाबाईंकडं बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वरण गिळेना.

पण वार्ताहराची जात. जळता जळता डोक्यात बातमी शिजली. गावचा सुपुत्र, बर्फाची सीमा, आईची पंगत. हात धुतले, पारावर बसलो आणि मोबाईलवर टाइप करून आमच्या हिंगोली पानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. ठिकाण लिहू नये, महिना लिहू नये, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. डेस्कवरच्या, म्हणजे जिल्ह्याला बसून पान लावणाऱ्या उपसंपादकाच्याही आलं नाही. तालुक्याच्या बातमीचं असंच असतं. जाहिरात आली की ती बाजूला पडते. बुधवारची बातमी गुरुवारी पडून, शुक्रवारी पडून, रविवारी लागली. ज्ञानूचा फोटो तीन कॉलम. आणि बातमीवर माझं नाव? नाही. "आमच्या प्रतिनिधीकडून." आगीत तेल.

दरम्यान ज्ञानू सुट्टीवर आला होता, शुक्रवारी. आल्या आल्या मला फोन केला. शनिवारी काल्याला आम्ही भेटलो, चहा घेतला, मी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि फेसबुकवर चढवला. 'बालमित्र मेजरसाहेबांसोबत मनसोक्त गप्पा.' जळायचंही आणि मिरवायचंही, असला माझा स्वभाव.

आता तुम्हीच बघा. शनिवारी मेजर आणि वार्ताहर मनसोक्त गप्पा मारतात आणि रविवारी पेपरात पलटणीचा पत्ता येतो. फौजेनं काय समजावं? ज्ञानूची सुट्टी मोडून त्याला परत बोलावलं आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. हे नावाला कोर्ट आहे, वकील-जज्ज काही नसतात. फौजेतलेच दोन-तीन अधिकारी बसतात, साक्षी लिहून घेतात आणि वर अहवाल पाठवतात. पण त्या अहवालावर माणसाची पुढची सगळी नोकरी लटकलेली असते. ज्ञानूची लेफ्टनंट कर्नलची बढती तोंडावर आली होती. ती अडकली. त्या कोर्टाचे कर्नलसाहेब मला विचारायला वसमतला आले आणि मी त्यांना तत्त्व ऐकवलं.

साहेब जाताना एक नंबर लिहून देऊन गेले. "दोन दिवस हिंगोलीच्या विश्रामगृहात आहे. काही बोलावंसं वाटलं तर या."

मला काही बोलावंसं वाटत नव्हतं. त्या संध्याकाळी मी बायकोला भजी करायला लावली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जिना चढत कोंडाबाई आल्या. एसटीनं वसमतला दवाखान्यात आल्या होत्या. धापा टाकत खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"दत्ता, ज्ञानूला काय झालं रं बाबा?"

"काय झालं काकू?"

"मधातच गेला की परत. फोनवर नीट बोलंना. सून नुसती रडून राहिली. पेपरात कायतरी आलं म्हणं फौजेचं, अन् ते ज्ञानूनंच सांगितलं म्हणून साहेबलोक त्याच्यावर बिघडले म्हणं. माझं लेकरू असं करंल व्हय?"

"न्हाई काकू."

"मंग कोण्या मुडद्यानं सांगितलं रं? तू पेपरवाला हायेस. तुला बराबर ठावं असंल. ज्यानं कुणी सांगितलं ना, त्याच्या जिभंला किडे पडतील! वाटोळं होईल त्याचं!"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. काय बोलणार? बातमी छापणारा मी समोर बसलोय, सांगणारी स्वतः तोंडभरून शिव्या देऊन राहिलीय. त्यांना पेपर वाचता येत नव्हता. पेपरात आलं ते आणि मास्तर माईकवर बोलले ते एकच, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पंगत ही त्यांच्या लेखी देवाशी बोलणं होतं, बातमी नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. "हां, ज्ञानूच हाय," म्हणत त्यांनी कानाला लावला. "गेल्ते डाक्टरकडं. व्हय, गोळ्या देल्या. न्हाई रं, चक्कर न्हाई येत. आता कुटं? दत्ताकडं बसलेव की, त्याच्या हापिसात. घे, बोल त्याच्याशी." आणि फोन माझ्या हातात.

 पलीकडून ज्ञानू हळू आवाजात म्हणाला, "दत्त्या, तुझ्याशी बोलायची मला मनाई हाय. आईसमोर काही बोलू नको. नुसतं ऐक."

"बरं."

"तुला कुठून कळलं ते मला ठाऊक हाय. काल्याला आलो तवाच चार जणांनी सांगितलं, मास्तर माईकवर काय बोलले ते. तवा मी हसण्यावारी नेलं. छापून आलं अन् डोळेच पांढरे झाले."

"व्हय."

"हे मी इथं सांगितलं न्हाई. सांगितलं की आईचं नाव येतंय. तिला बोलवतील, नाहीतर घरी येतील, कागदावर अंगठा घेतील. आपल्यापायी लेकाची नोकरी गेली असं तिच्या डोक्यात बसलं तर ती जगायची न्हाई, दत्त्या. म्हणून मी गप हाय. होईल ते होईल."

कोंडाबाई माझ्याकडं बघून हातानं विचारत होत्या, काय म्हणतो? मी मान हलवली, सगळं ठीक.

"अन् कर्नलसाहेबांनी तुला विचारलं, तू काही सांगितलं न्हाईस, हेबी कळलं मला," ज्ञानू म्हणाला. "आईसाठी गप बसलास ना? मला माहीत होतं. तू असाच हायेस पहिल्यापासून."

मी कोंडाबाईंकडं पाठ केली.

"फक्त एक कर. जमलं तर. आईचं नाव न घेता, मी तुला सांगितलं न्हाई एवढं सांग. जमलं तर हां. न्हाई जमलं तरी राग न्हाई."

फोन ठेवला. कोंडाबाईंनी विचारलं, "काय म्हणला?"

"म्हणला, आईला एसटीत बसवून दे."

त्यांना स्टँडवर घेऊन गेलो, औंढ्याच्या गाडीत खिडकीला बसवलं. परत येताना मी स्वतःशीच शिव्या देत चाललो होतो, आणि सांगायला लाज वाटते, त्या शिव्यांतल्या निम्म्या ज्ञानूलाच होत्या. साल्या, बाकी सगळ्यात पुढं गेलास, ठीक. पण सोर्स जपणं हा तर माझा धंदा! त्यातही पुढं? मी तोंडानं तत्त्व सांगत होतो आणि हा गडी बढती पणाला लावून ते पाळत होता. आणि वर मलाच चांगला म्हणत होता. एखाद्यानं निदान वाईट तरी म्हणावं. मग जळायला सोपं जातं.

मोटरसायकल काढली आणि थेट हिंगोली गाठली.

कर्नलसाहेब विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कागद वाचत बसले होते. मी नमस्कार केला आणि मोबाईल उघडून त्यांच्यापुढं धरला.

"हा आमच्या पानाचा ग्रुप. ही मी पाठवलेली बातमी. छापलेलीच, शब्दाला शब्द. तारीख आणि वेळ बघा."

साहेबांनी चष्मा लावला. "बुधवार. दुपारी तीन बेचाळीस."

"मेजरसाहेब तेव्हा कुठं होते?"

"पलटणीत. गुरुवारी सुट्टीवर निघाले." त्यांनी फायलीतून एक कागद काढला, बोट फिरवलं. "त्यांच्या फोनवरून तुम्हाला पहिला कॉल शुक्रवारी. त्याआधी दोन महिने काही नाही."

"म्हणजे त्यांनी सांगितलेलं नाही. फोटो नंतरचा आहे. बातमी जाहिरातींमुळं मागं पडली होती, आमच्यात तसं होतं."

साहेबांनी मोबाईल खाली ठेवला. "काल मी आलो तेव्हा हा फोन कुठं होता?"

"खिशात."

"आणि हे तुमच्या लक्षात नव्हतं?"

"होतं."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं. घाबरलो होतो, विसरलो होतो, असं काहीही. "साहेब, मी जळत होतो त्याच्यावर. लहानपणापासून. म्हणून बोललो नाही."

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. "जबाबात हे असं लिहिता येत नाही." जरा विचार करून त्यांनी लिहिलं, 'वैयक्तिक कारणामुळे.' मग विचारलं, "ही माहिती तुम्हाला मिळाली कुठून?"

"सार्वजनिक ठिकाणी ऐकली. लाऊडस्पीकरवरून. शेकडो माणसांनी ऐकली."

"कुणी सांगितली?"

"ते सांगणार नाही."

"परत सुरू झालं तुमचं?"

"नाही साहेब. हे खरंच सांगणार नाही."

त्यांनी मान वर केली. मीही बघत राहिलो. यावेळी पोटात गारगार वगैरे काही नव्हतं.  त्यांना वाटलं असतं तर गावात एक जीप पाठवून तासाभरात सगळं काढता आलं असतं.

"मी साताऱ्याकडचा," ते म्हणाले. "आमच्या गावीही सप्ताह बसतो." मी सप्ताहाचं नाव काढलं नव्हतं. त्यांनी पेनला टोपण लावलं. "सार्वजनिक ठिकाणी ऐकली, एवढं मला पुरेसं आहे. सही करा."

सही केली. निघताना ते म्हणाले, "आणि यापुढं पलटण कुठं जाते ते छापत जाऊ नका. त्या पत्त्यावर माणसं राहतात."

त्यांचं हे वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. कारण तोवर मी ज्ञानूच्या बढतीचाच विचार करत होतो. त्याच्यासोबत बर्फात जाणाऱ्या बाकीच्या माणसांचा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता.

निकाल असा लागला. पेपरला माहिती दिल्याच्या आरोपातून ज्ञानू सुटला. घरच्यांशी बोलताना जपून बोला, अशी तोंडी समज मिळाली. पलटण गेली, पण ठरलेल्या महिन्यात नाही. बढती बरोबरच्यांपेक्षा सात-आठ महिने उशिरा मिळाली. ते सात-आठ महिने माझ्या खात्यावर. माझ्या पेपरनं मला लेखी ताकीद दिली. डेस्कवरच्या माणसाला काही झालं नाही. डेस्कला कधीच काही होत नसतं.

ज्ञानू सुटल्याची बातमी करायची माझी फार इच्छा होती. या खेपेला संपादक नावासकट छापायला तयार होते. पण ती छापली असती तर गावानं विचारलं असतं, मग सांगितलं कुणी? बातमी केली नाही. त्यानंतर कोंडाबाई जेव्हा जेव्हा वसमतला यायच्या तेव्हा माझा जिना चढून एकदा विचारायच्याच, "सापडला का रं तो मुडदा?" मी म्हणायचो, "न्हाई काकू, शोधून राहिलो." सहा वर्षं मी हे उत्तर दिलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. म्हणून आता, सगळी नावं बदलून, हे लिहितोय.

खरं काय झालं ते ज्ञानूला मी त्यांच्या दहाव्यानंतर सांगितलं. आईसाठी नव्हे, जळत होतो म्हणून गप्प बसलो होतो, असं.  तो म्हणाला, "मला जबाब वाचायला मिळाला होता तवाच. 'वैयक्तिक कारण' म्हणजे काय, एवढं कळतं की मला. निबंध तू लिहून द्यायचास, पण अर्थ मलाबी लावता येतो." आणि हसला. हसण्यातही हा माणूस मोठा निघाला. त्यावरही मी जळलो.

तो आता कर्नल आहे, मी वसमतलाच आहे. नवे वार्ताहर विचारतात, सोर्सबद्दल काय नियम? मी म्हणतो, दुसऱ्याला वाचवायला गप्प बसत असाल तर खुशाल बसा. आणि कुणावर जळत असाल तर जळा, त्याला औषध नाही. फक्त कुणी त्याच्याबद्दल सरळ प्रश्न विचारला तर आधी खरं उत्तर द्यावं आणि मग घरी जाऊन जळावं.